रावजी वस्तादांचा फेटा

पिंपळखुटी नावाच्या गावात एक भोळा पैलवान होता. त्याचं नाव हैबती. अंगानं रेड्यासारखा, स्वभावानं गाईसारखा. सांगितलेलं ऐकायचा. एवढाच त्याचा दोष.

त्याचे वस्ताद रावजी. रावजी वस्तादांच्या पाठीला उभ्या हयातीत माती लागली नव्हती. त्यांच्या तालमीचं नशीब मात्र तसं नव्हतं. जत्रेतली शेवटची कुस्ती दर वर्षी आडगावचा सुभान मारून न्यायचा. एका जत्रेत वस्तादांनी भर मैदानात डोक्याचा फेटा उतरवला. म्हणाले, "माझ्या तालमीचा गडी या मैदानात कुणाची पाठ टेकवील, त्या दिवशीच फेटा बांधीन." तेव्हापासून वस्ताद बोडके. लग्नात बोडके, मयतीला बोडके. लोक तोंडावर काही बोलत नसत. मागं बोलत.

आता सगळी भिस्त हैबतीवर होती. त्याची ताकद मोजता येत नव्हती. अक्कल मोजायची गरज नव्हती.

एकदा तालमीत हैबतीनं जोडीदाराचा हात धरला. हात घामानं निसटला. वस्ताद म्हणाले, "निसटतंय असं दिसलं की वर माती टाकावी. मग पकड बसते."

"बरं, वस्ताद."

दुसऱ्या दिवशी हैबतीच्या आईनं ताक घुसळलं. लोण्याचा गोळा त्याच्या हातावर ठेवला. म्हणाली, "वस्तादांना देऊन ये." वाटेत लोणी निसटायला लागलं. हैबती थांबला. खाली वाकला. मूठभर माती घेऊन लोण्याला चोळली. मग लोणी निसटलं नाही.

वस्तादांनी तो तांबडा गोळा पाहिला. "हे काय रे?"

"लोणी. आता पकड बसली, वस्ताद."

"गाढवा, हाती आलेली चीज जपावी. पुसून स्वच्छ करावी. अलगद खाली ठेवावी."

"बरं, वस्ताद."

संध्याकाळी तालमीत दत्तूशी जोड लागली. दत्तू तालमीतला जुना गडी. हैबतीनं त्याला कमरेला धरून डोक्याच्या वर उचललं. सगळी तालीम उठून उभी राहिली. वस्तादांचा हात आपोआप डोक्याकडं गेला, फेट्याच्या जागेवर. हैबतीनं दत्तूला अलगद खाली ठेवलं. पायांवर. मग त्याच्या पाठीची माती पंच्यानं पुसली.

दत्तू म्हणाला, "आता पावडरही लाव."

वस्ताद भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "हैबती, नीट ऐक. वर उचललेला माणूस पाठीवर आपटायचा असतो. आपटला की छातीवर बसायचं. शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही."

"बरं, वस्ताद."

त्याच आठवड्यात सरपंचांच्या भाच्याचं लग्न होतं. वरात देवळापाशी आली. पोरं म्हणाली, "हैबतीदादा, नवरदेवाला उचला की." हैबतीनं उचललं. बँड जोरात वाजायला लागला. नवरदेव वरून हात हलवू लागला. हैबतीला धडा आठवला.

नवरदेव पाठीवर पडला. मुंडावळ्या एकीकडं, फेट्याचा तुरा दुसरीकडं. हैबती छातीवर बसला.

"ऊठ रे, माणूस मरंल," सरपंच म्हणाले.

"शिट्टी वाजवा मग."

शिट्टी कुणाकडं असणार? शेवटी बँडवाल्यानं पिपाणी फुंकली. हैबतीनं विचार केला. आवाज शिट्टीचा नव्हता, पण जवळचा होता. तो उठला.

नवरीकडची माणसं वस्तादांच्या दारात येऊन बोलून गेली. वस्तादांनी खाली मान घालून ऐकलं. मग हैबतीला बोलावलं.

"फेटा बांधलेला माणूस मानाचा. त्याला पाडायचं नसतं. त्याच्या पाया पडावं, खांद्यावर घ्यावं, मिरवावं. कळलं?"

"आणि फेटा नसला तर?"

वस्ताद वैतागले होते. "कुस्तीच्या हौद्यात बोडका माणूस समोर आला, की पाड. बाकी डोकं चालवू नको."

"बरं, वस्ताद."

जत्रेचा दिवस आला. मैदान माणसांनी भरलं. हलगी कडाडत होती. शेवटच्या कुस्तीची नावं पुकारली. हैबती लाल मातीच्या हौद्यात उतरला. पलीकडून सुभान आला. आडगावकरांनी त्याला मानाचा केशरी फेटा बांधून पाठवला होता. सलामी देऊन तो फेटा उतरवणार होता.

तेवढा वेळ हैबतीनं दिला नाही. तो पुढं झाला. सुभानच्या पाया पडला. त्याला खांद्यावर घेतलं आणि हौद्याभोवती मिरवायला लागला.

"अरे, कुस्ती खेळायची आहे की वरात काढायची?" सुभान वरून म्हणाला.

"तुम्ही मानाचे," हैबती खालून म्हणाला.

आडगावकरांनी शिट्ट्या मारल्या. हलगीवाल्यानं ठेका बदलला. वस्तादांना राहवलं नाही. त्यांनी हौद्यात उडी टाकली. सुभानला खांद्यावरून खाली ओढलं आणि हैबतीची मानगूट धरली.

हैबतीनं पाहिलं. हौदा होता. समोर माणूस होता. माणूस बोडका होता.

वस्ताद वर गेले आणि खाली आले. दोन्ही खांदे मातीला लागले. हैबती छातीवर बसला.

"हैबत्या, मी आहे."

"होय, वस्ताद."

"ऊठ."

"शिट्टी वाजली नाही, वस्ताद."

पंचांना हसू आवरत नव्हतं. शिट्टी तोंडात टिकत नव्हती. तोवर वस्ताद आभाळ बघत पडून राहिले. शेवटी शिट्टी वाजली.

हैबती उठला. हात जोडून म्हणाला, "वस्ताद, तुमच्या तालमीच्या गड्यानं या मैदानात पाठ टेकवली. आता फेटा बांधा."

यात खोट काढायला जागा नव्हती. सुभान भला माणूस. त्यानं डोक्याचा केशरी फेटा काढून वस्तादांच्या डोक्यावर ठेवला.

ती त्याची चूक झाली. हैबतीला फेटा दिसला.

तो वस्तादांच्या पाया पडला. त्यांना खांद्यावर घेतलं. आधी मैदान, मग सगळी जत्रा, मग वेशीतून पिंपळखुटी. पुढून लोकांना आडगावचा फेटा दिसत होता. मागून पाठीची माती.

तालमीच्या दारात हैबती थांबला.

"वस्ताद, आता उतरवतो. अलगद ठेवू, का आपटू?"

वस्ताद काही बोलले नाहीत. आपण सांगितल्यावर काय होतं, ते त्यांनी पुरतं पाहिलं होतं.

हैबती उत्तराची वाट बघत उभा राहिला. वस्ताद वरच.