टिटवीची दवंडी

फार मागं एका रानात दवंडीचं काम टिटवीकडं होतं. उन्हाळ्यात जुना डोह आटला, तेव्हा हत्तीआजोबा म्हणाले, "टिटवे, सगळ्यांना सांग, पलीकडचं तळं चांगलं आहे."

नुसतं चांगलं म्हटल्यावर कोण येणार, असं वाटून टिटवी रानभर ओरडली, "तळ्यात मगर नाही हो, मगर नाही."

दिवसभर तळ्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. मग तिनं शपथ घेऊन सांगितलं, तर काठापर्यंत आलेली हरिणीसुद्धा तहानलेल्या पाडसाला घेऊन मागं फिरली.

आजोबा म्हणाले, "उद्या कुणी पाणी प्यायला नाही, तर दवंडी कावळ्याकडं."

टिटवी रडवेली होऊन पिल्लांसकट कासवाकडं गेली. "कासवदादा, मी एक शब्द खोटा बोलले नाही. मग हे पळतात का?"

"अगं बाई, कालपर्यंत मगर कुणाच्या मनातसुद्धा नव्हती. तूच ती घरोघर पोचवलीस."

"मग आता सांगू तरी काय?"

"आधी तुझ्या पिल्लांना पाणी पाज. बघ, चोची वासून बसलीत."

सकाळी टिटवी पिल्लांना घेऊन गुपचूप पाण्यात उतरली. थोड्या वेळानं हरिणी आली, पाडस पाण्याला लागलं. मागोमाग ससे आले, रानडुकरं आली.

टिटवी बघतच राहिली. आज तर आपण तोंडही उघडलं नाही, मग यांना सांगितलं कुणी?