दुसरा मुक्काम

“…पण मग ह्या तापाला पंख कुणाचे, महाराज?”

मठाच्या ओसरीवर खांबाला टेकून हेमगिरी विचारत होता. अंग फणफणलेलं, गुडघे आखडलेले. तरी झोळी खांद्यावरून उतरवली नव्हती.

“डास बिचारा चार घरांपलीकडं जात नाही. जन्मतो त्या गल्लीतच मरतो. आणि त्याचा ताप बघा! ह्या समुद्राकाठी उठला, त्या समुद्राला जाऊन भिडला. मधला अख्खा खंड अंथरुणाला खिळला. गेला कसा?”

मठाचे शिवगिरी महाराज समोर बोटं चोळत बसले होते. गेल्या साली ह्याच तापानं त्यांची बोटं धरली होती, ती अजून नीट मिटत नव्हती. म्हातारा माणूस, थकला होता. प्रश्न ऐकायचाही कंटाळा येतो कधीकधी.

“अंग कधीपासून तापलंय?”

“परवापासून. पण चालणं सोडलं नाही.”

त्यांच्या पंथात नियमच होता. जोग्यानं एका गावात एकच रात्र काढायची. दुसऱ्या रात्री माया लागते म्हणतात. हेमगिरीनं हा नियम कधी मोडला नव्हता. जोग्याला गर्व नसावा, पण ह्याला आपल्या पायांचा होता.

“काल रात्री इथं टेकलो,” तो म्हणाला, “आता दिवस कलायच्या आत निघतो. वाटेतल्या गावांतून सांगत आलोय, रांजण पालथे घाला, पाणी साठवू नका. भरदुपारी चावडीवर पडून सांगितलं. माणसं भोवती बसली. एका म्हातारीनं नातीला मांडीवर घेऊन माझे पाय चेपले.”

“त्या गावांत ताप होता?”

“नव्हता ना! म्हणून तर धावलो. ताप यायच्या आधी पोचायचं होतं.”

“हं…”

महाराज उठले. आतून आपली मच्छरदाणी घेऊन आले. मठात तेवढी एकच होती. बोटांनी गाठ बसेना, तेव्हा दोरी दातात धरून ती खांबांना बांधली.

“आत हो.”

हेमगिरीला अवघडल्यासारखं झालं. “माझ्यासाठी कशाला, महाराज? मला चावायचं ते चावून गेलं. तुम्ही उघड्यावर, अन् मी…”

“आत हो म्हटलं.”

तो आत जाऊन बसला. महाराजांनी कडा चटईखाली नीट खोचल्या.

“आता कुणाला वाचवताय?”

“डासाला.”

“डासाला? कुणापासून?”

महाराज जाळीपासून मागं सरले. ओसरीखाली उतरले, हेमगिरीच्या वहाणा उचलल्या, आपल्या आसनाखाली सारल्या आणि वर बसले.



जाळीवर बाहेरून एक डास येऊन बसला. पाय रोवून, आत शिरायची वाट बघत. हेमगिरी त्याच्याकडे बघत राहिला… चावडीवरही असेच डास अंगावर बसले होते. त्यानं हाकललेसुद्धा नव्हते. जोग्यानं एवढं अंगाला जपू नये, असं त्याला वाटलं होतं.

त्याला चावून ते मग भोवतीच्या माणसांवर बसले असणार.

“महाराज… त्या म्हातारीची नात…”

“निरोप धाडतो. गावोगाव.”

“मीच जातो मागं. पाया पडतो त्यांच्या.”

“पुन्हा?”

हेमगिरीनं तोंड झाकून घेतलं. रडला. ताप होता, थकवा होता, आणि लाज त्याहून जास्त होती. महाराजांनी त्याला रडू दिलं. ऊन ओसरीवरून सरकत अंगणात गेलं. निघायची वेळ टळून चालली.

सवय वाईट. त्याचा हात पुन्हा झोळीकडे गेला.

“पण पुढचं गाव, महाराज? ते माझी वाट बघतंय.”

महाराजांनी डोळे मिटले होते.

“मग त्यांच्यावर दया कर,” ते म्हणाले. “पोचू नकोस.”