ऐन प्रवेशात अंधार

एका गावात एक नाटकमंडळी होती. तिची नायिका रत्नप्रभा गुणी होती, पण मनाने भारी संशयी. चहात साखर कमी पडली तरी तिला त्यात कुणाचा तरी डाव दिसे.

मंडळीचं नाटक कॉम्प्युटरवर लिहिलेलं असे आणि सगळे ते मोबाइलवर वाचत. ‘इथे अंधार’, ‘इथे रडणे’ असे शेरे तालीम घेणारे मास्तर बाजूला जोडत, तेही ओळीचा आकडा देऊन. नटांना सगळं पाठ असे. शेरे बघून काम करणारा एकटा दिवेवाला डोमाजी, आणि या नाटकात अंधार करायचा तो शेवटी एकदाच.

खेळाच्या दिवशी रत्नप्रभाने हट्टाने आपल्या पहिल्या प्रवेशात चार जादा ओळी स्वतः टाइप करून घातल्या. खेळ रंगला. शेवटी मरणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन ती आक्रोश करू लागली आणि ऐन वाक्यात दिवे गेले! लोक पोट धरधरून हसले.

रत्नप्रभाच्या अंगाची लाही लाही झाली. हा डोमाजीचाच कावा! त्याची पुतणी रोज विंगेत उभी राहून नायिकेची वाक्यं पुटपुटते, ती काय उगाच? आणि आता हा नजर का चुकवतोय? खाई त्याला खवखवे!

“बाई, मी त शेरा पाहूनच बटन दाबलो जी,” डोमाजी म्हणाला.

“चोराच्या उलट्या बोंबा! मालक, एक तर हा राहील, नाही तर मी.”

नायिकेवाचून नाटक कसलं? मालकांनी डोमाजीला घरी जायला सांगितलं. बिचारा वायरी गुंडाळू लागला.

त्यानेच शेरा सरकवला असणार, हे सर्वांना दाखवावं म्हणून रत्नप्रभाने मोबाइल उघडला. पाहते तर काय, ‘इथे रडणे’ विदूषकाच्या वाक्यापुढे! तिच्या चार ओळींनी पुढचं सगळं नाटक खाली ढकललं होतं; शेरे मात्र जुन्या आकड्यांनाच चिकटून बसले होते, म्हणून अंधार चार ओळी आधीच झाला. त्या ओळी गुपचूप पुसल्या की शेरे जागेवर येणार, कुणाला पत्ताही लागणार नाही. तिने बोट पुढे केलं. समोर डोमाजी पेटी उचलत होता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“मालक, त्यांना थांबवा,” ती मोबाइल सर्वांपुढे धरत म्हणाली. “अंधार माझ्या ओळींनी केला. डोमाभाऊ, माझं चुकलं.”

मास्तरांनी मान खाली घातली आणि तिथेच बसून एकेक शेरा आकड्यावरून सोडवून ज्याच्या त्याच्या शब्दांना जोडला. डोमाजीने पेटी खाली ठेवली.

तात्पर्य: शेरा आकड्याला नव्हे, शब्दाला बांधावा, आणि दुसऱ्यावर संशय घेण्याआधी आपण काय हलवलं ते पाहावं.