पाठीमागचा श्वास

कोल्हापूरच्या दक्षिणेला, कागल रस्त्यालगतच्या एका वस्तीत एके काळी एक वृद्ध मिस्त्री राहत असत. मुजावर मिस्त्री या नावाने सारा परिसर त्यांना ओळखत असे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, दांडा कानाशी धरायचा आणि आतले दुखणे अचूक सांगायचे, ही त्यांची विद्या. ती त्यांनी अनेकांना दिली. त्यांतला सर्वांत जीव लावून शिकलेला शिष्य म्हणजे श्रेणिक मगदूम.

श्रेणिकने पुढे ओतकामाचा कारखाना काढला आणि तो भरभराटीला आला. पन्नाशी ओलांडल्यावर त्याच्या मनातली एक जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. त्याला तरुणपणापासून इटलीत बनलेल्या एका मोटारीचे वेड होते. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, जेमतेम दोन माणसांची गाडी, आणि तिचे इंजिन चालकाच्या अगदी पाठीमागे. तशीच एक गाडी पुण्यात विक्रीला असल्याचे त्याला कळले. पंचवीस वर्षांपूर्वी ती बोटीने या देशात आली होती.

श्रेणिक पत्नी सुजाताला घेऊन पुण्याला गेला. गाडीचे मालक वारले होते. दिवाणखान्यात त्यांचा हार घातलेला फोटो होता. फोटोत त्यांचा डावा खांदा उतरलेला होता आणि मान उजवीकडे कललेली. मागून कुणी हळू आवाजात काही सांगत आहे आणि ते लक्षपूर्वक ऐकत आहेत, असे सुजाताला उगाच वाटून गेले.

"किती चाललीय?" श्रेणिकने विचारले.

"सहाशे किलोमीटर," मालकांच्या पत्नी म्हणाल्या. "पंचवीस वर्षांत. यांच्या आधीच्या मालकांनीही फारशी बाहेर काढली नव्हती म्हणे."

"म्हणजे अगदी नवीच म्हणायची!"

बाईंनी किल्लीसाठी खण उघडला. "हे रोज तिच्यात जाऊन बसायचे," त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी जेवायला हाक मारली तरी मला ओळखायचे नाहीत." किल्ली हातात देताना त्यांनी एवढेच सांगितले, "परत मात्र आणू नका."

गाडी बंदिस्त ट्रकमधून घरी आली. श्रेणिकने तिच्यासाठी अंगणाच्या कडेला काचेची खोली बांधली, आत वातानुकूलन बसवले. चालवायचा विचार रोज मनात येई. पण गावातले गतिरोधक उंच, गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे वर. एखादा भाग मोडला तर तो इटलीहून येणार. शिवाय इतकी कोरी गाडी, तिला पहिला ओरखडा आपल्या हातून कशाला? पावसाळा सरू दे, असे तो म्हणाला. मग दिवाळी होऊ दे, म्हणाला. तोवर सकाळी तासभर आत बसायचे, क्लच दाबायचा, धातूच्या पट्टीच्या खाचांतून गिअरचा दांडा फिरवायचा. एवढ्याने त्याचे समाधान होई.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी, दहाच्या सुमारास, खोलीत स्वच्छ ऊन पडले असताना त्याला डाव्या कानामागे आवाज ऐकू आला. कुणीतरी सावकाश श्वास आत घेत होते.

त्याने वळून पाहिले. गाडीच्या मागच्या काचेपलीकडे थंड इंजिन होते, दुसरे काही नव्हते. त्याने आरशात पाहिले. आरशातही इंजिनच. त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला, तरी मागचा चालूच राहिला. आत घेतलेला श्वास बाहेर सोडल्याचा आवाज मात्र कधीच आला नाही.

विलक्षण गोष्ट ही, की त्याला भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तो दोन तास बसला. आठवड्याने दुपारचे जेवण चुकू लागले. त्या श्वासाशी आपला श्वास जुळवताना त्याला एक गाढ, गुंगीसारखी शांतता लाभे.

एका रात्री ताटावर बसलेल्या नवऱ्याकडे सुजाताचे लक्ष गेले. त्याचा डावा खांदा उतरला होता. मान उजवीकडे कलली होती. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काचेच्या खोलीपाशी गेली. "अहो, जेवायला येताय ना?" तिने काचेवर टकटक केली. श्रेणिकने मान वळवली. पत्ता विचारायला थांबलेल्या परक्या बाईकडे पाहावे, तसा त्याने तिच्याकडे सौजन्याने पाहिले आणि पुन्हा पुढे नजर लावली. सुजाता थरारली. तशीच चपला घालून ती मुजावर मिस्त्रींकडे गेली.

मिस्त्री आले. शिष्याला त्यांनी गाडीबाहेर यायला सांगितले. गुरूचा शब्द म्हणून तो आला, पण मोठ्या नाखुशीने. मिस्त्रींनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्यांनी चालकाच्या आसनावरून बराच वेळ बोटे फिरवली, मग पाना मागितला. आसनाचे चारही बोल्ट त्यांनी खोलले. ते आसन दोघांनी उचलून बाहेर आणले आणि मिस्त्रींच्या सांगण्यावरून भर उन्हात, मोकळ्या अंगणाच्या मधोमध ठेवले.

"मिस्त्री, हे काय करताय?" श्रेणिक म्हणाला. "इंजिन तरी बघा की!"

"बस."

तो बसला.

"डोळे मीट. काय ऐकू येतंय?"

सुजाताने पाहिले, नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ओठ हलले. "श्वास," तो म्हणाला.

"माघारी वळून बघ."

मागे वीस पावले मोकळी जमीन होती. गाडी दूर काचेच्या खोलीत उभी होती. आता मात्र श्रेणिकला भीती वाटली. तो उठू लागला, तसा मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मला बी ऐकू येतंय," ते शांतपणे म्हणाले. "तिघांचा हाय. दोघांना मी वळखत न्हाई. तिसरा तुझा."

मग ते त्याच्यापुढे उकिडवे बसले.

"हे कातडं बघ, श्रेणिक. दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचं एवढं झिजतं. गिअरची पट्टी ओरखडून गेलीया. आणि नव्या टायरवर असत्यात ते रबराचे केस अजून तसेच हायती. शेजारच्या सीटवर तर कुणी टेकलेलंच न्हाई. म्हंजे माणसं बसली, पर निघाली न्हाईत. निघायच्या वक्ताला माणूस छाती भरून श्वास घेतो आणि किल्ली फिरवतो. यांनी श्वास घेतला आणि किल्ली उद्यावर ठेवली. रोज. तो घेतलेला श्वास जाणार कुठं? सोडायचा राहूनच गेला. तूही इतके म्हैने तेच करतोयस. तुला वाटतंय गाडी तुझ्या ताब्यात हाय. बायकोला विचार, कोण कुणाच्या ताब्यात हाय ते."

श्रेणिकने सुजाताकडे पाहिले. या वेळी त्याने तिला ओळखले. तिचे डोळे भरून आले होते.

"विकून टाकतो," तो पुटपुटला.

"आणि चौथ्याला या सीटवर बसवतोस?" मिस्त्री म्हणाले. "चालव."

गुरुशिष्य अकरा दिवस खपले. टाकीतले पेट्रोल जुन्या वार्निशसारखे वास मारत होते, ते काढून टाकले. इंजिनाचे वाळलेले पट्टे बदलले, नवे टायर चढवले, आसन पुन्हा जागेवर बसवले. बाराव्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झाले, तेव्हा घराशेजारच्या कारखान्याच्या पत्र्यावरची सगळी कबुतरे एकदम उडाली. मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूचे दार उघडून धरले. "बस, सुजाता," ते म्हणाले.

पहिल्याच गतिरोधकावर गाडीचे पोट खर्रकन घासले. श्रेणिकचा चेहरा कसनुसा झाला.

"काय झालं हो?"

"घासली."

"मग? परत फिरायचं?"

त्याने गिअर टाकला. "नको," तो म्हणाला. पुढे उसाच्या ट्रॉलीमागे अर्धा तास रांगत जावे लागले. एक खडा उडून समोरच्या काचेवर बसला आणि तांदळाएवढा टवका गेला. निपाणी मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. श्रेणिकने पाय दाबला आणि त्याच्या पाठीत इंजिनाची गर्जना अशी घुसली, की सुजाता आधी किंचाळली आणि मग पोट धरून हसू लागली. तिचे ते हसणे त्याने कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

घाटाच्या माथ्यावर त्याने गाडी थांबवली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केले. दरीतून वारा येत होता. एकाएकी सुजाता ताठ झाली. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "मागं काहीतरी वाजतंय," ती कुजबुजली. "ऐका."

टक... टक... टक.

श्रेणिकने डोळे मिटून कान दिला. हा आवाज मिस्त्रींनी त्याला पहिल्याच वर्षी शिकवला होता. त्याच्या छातीतून एक दीर्घ श्वास बाहेर पडला.

"काही नाही," तो म्हणाला. "लोखंड गार होतंय. खूप पळालंय ना आज."

कधीतरी वापरू म्हणून आपणही घरात काही जपून ठेवलेले असते. एखाद्या दुपारी, घर शांत असताना, त्याच्याजवळ जाऊन कान देऊन पाहावा.