ओवी कुठे थांबते

आठवडी बाजारात प्राध्यापक वत्सला ठोंबरे भाजीवाल्या बायांपुढे जात्यावरच्या ओव्यांवर बोलत होत्या. ते बघून विभागप्रमुख डॉ. केळुसकरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हा वर्ग आजच बंद करा," ते म्हणाले. "ओवीत ओळ संपल्यावर बाई थांबते, ते तिचं मुकं दुःख. त्यावर मी चाळीस पानं लिहून डॉक्टरेट मिळवली. यांतल्या एकीला तरी ते कळेल का?"

"विचारू या की," वत्सलाबाई म्हणाल्या आणि मेथीवालीकडे वळल्या. "हौसामावशी, दळताना ओळ संपली की का थांबता हो?"

"दुसरं कशाला? जात्यात मूठभर दाणं टाकाया."

केळुसकरांच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस पानांत जात्यात दाणे घालायचेच राहून गेले होते.

वत्सलाबाईंनी पोत्यावर सरकून जागा केली.

"बसा सर. वर्ग आत्ताच सुरू झालाय."