अर्धी उठलेली आई

ऐका गं बायांनो, कहाणीमायेची कहाणी. अक्षता मुठीत धरा. पण आधी पैज! शेवटी कुणाला भोगावं लागलं, ते आत्ताच ओळखून दाखवा. ओळखलंत तर माझ्या वाटचा लाडू तुमचा. गोदे, लाडवाकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ. नाही ना येत सांगता? मग ऐका.

एक होतं नगर. आटपाट म्हणा, नाहीतर चटपट म्हणा. तिथं सरजा नावाची गरीब बाई होती. नवरा वारलेला. पोरं तीन, तिन्ही जगावेगळी. थोरला सटवाजी, तोंड उघडलं की थाप. मधली म्हाळसा, सदा भुकेली. धाकटी चिमी, कुणी काही बोललं की विचारायची, "मग?" बाया म्हणायच्या, "सरजे, पोरं कसली गं, ताटातले खडे!" सरजा म्हणायची, "खडे तर खडे. माझ्या ताटातले आहेत."

सरजेनं कहाणीमायेचा वसा घेतला. वसा कसा? तर शुक्रवारी उपाशी राहावं, मुठीत अक्षता घ्याव्या, कहाणी सांगावी. संपेतो सांगणारीनं उठू नये, ऐकणारीनं उठू नये. एका शुक्रवारी काय झालं, मुखात कहाणी आणि चुलीवर दूध. दूध आलं वर. सरजा म्हणाली, "थांबा रे, एवढं उतरवते." गुडघा उचलला, आणि तश्शीच राहिली! ना बसली, ना उठली. कमरेत वाकलेली, हात चुलीकडे, अंगाचा दगड झाला.

पोरं रडली. मग शेजारणीकडे गेली. ती म्हणाली, "जिची कहाणी तिच्या घरच्यांनीच पुरी करावी." मग सोनारणीकडे गेली. ती म्हणाली, "शेजारीण म्हणते ते खरं." मग पाटलिणीकडे गेली. ती म्हणाली, "आधी त्या चिमीचं तोंड मिटा." तीन दारं झाली, पोरं घरी आली. पण पुरी करणार कशी? मुठीत अक्षता न घेता ऐकायची, आणि शेवट येण्याआधीच तिघं दर वेळी प्रसादाकडे पळालेली. शेवट कुणी ऐकलाय!

पुढचा शुक्रवार आला. म्हाळसा उपाशी राहिली, जन्मात पहिल्यांदा. सटवाजीनं मुठीत अक्षता घेतल्या. तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. "बाळांनो, मीही उपाशी आहे. ऐकू का?" सटवाजीनं तिलाही अक्षता दिल्या, पाट दिला.

मग त्यानं जी थाप सोडली! एक राजा होता, तो आपल्याच पागोट्यात वाट चुकला. चिमी म्हणाली, "मग?" मग त्याचा हत्ती त्याला हुडकायला निघाला. म्हाळसा म्हणाली, "मग?" मग हत्ती नदीत शिरला, पुढं मगर, मगरीनं आऽऽ वासला. म्हातारी म्हणाली, "मग रे?"

सटवाजीनं तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून बाईची पापणी लवली नव्हती. थापाड्याला दुसऱ्याचं सोंग लगेच कळतं. ही तर कहाणीमाय! तो गप्प बसला.

"मग?"

"मग काही नाही. घसा बसला."

"मी जाते तर."

"जा की आजी. उठून दाखव."

म्हातारी उठेना. मुठीत अक्षता, कहाणी अर्धी. नियम कुणाचा? तिचाच!

"मेल्या, मलाच बांधलंस?" देवी रागावली, आणि मग पोट धरून हसली.

"आईला बसव, माये. मग सांगतो मगरीचं."

"बसवीन. पण अर्धं उठणं वाया जात नाही, बाळा. ते कुणीतरी घ्यायला हवं. ती बसली की एकानं उभं राहायचं, जन्मभर. बोला, कोण?"

म्हाळसा म्हणाली, "मी." चिमी म्हणाली, "मी."

सटवाजी म्हणाला, "ह्यांचं ऐकू नकोस. म्हाळसेचे पाय दुखतात, चिमी उभ्या उभ्या पेंगते. मला तर बसायचा भारी कंटाळा. जन्मल्यापासून!"

एवढी मोठी थाप त्यानं कधी मारली नव्हती. देवीला ती कळली. तरी तिनं मान डोलावली.

आणि सरजा धपकन खाली बसली! म्हणाली, "अगं बाई, दूध गेलं का रे उतू?" चिमी मांडीत शिरली. म्हाळसा एकदाची प्रसादावर पडली. सटवाजी भिंतीपाशी उभा राहिला, उभ्यानंच म्हणाला, "मगरीनं नुसती जांभई दिली होती, हत्ती पार झाला." कहाणी पुरी झाली. देवीनं अक्षता वाहिल्या, आली तशी गेली.

जशी सरजा आपल्या पोरांत बसली, तशा तुम्हीआम्ही आपापल्या पोरांत बसू. ओंजळभर उत्तरांची कहाणी चिमूटभर उत्तरांत सुफळ संपूर्ण. टाका अक्षता.

आणि सटवाजी? तो अजून उभा आहे. निजतो खांबाला टेकून. जेवतो उभ्यानं. आई खाली बसून वाढते, हात उंच करून.