माळ्यावरचा वरवंटा

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका घराच्या माळ्यावर पाटा आणि वरवंटा शेजारी शेजारी राहत. पाटा म्हणजे आई आणि वरवंटा तिचं लेकरू. मिक्सर आल्यापासून दोघांना काम उरलं नव्हतं, पण एकमेकांची सोबत होती.

दिवाळीआधी शैलाताईंनी माळा आवरायला काढला. सून मृणाल म्हणाली, "आई, हा जडशीळ पाटा कशाला ठेवायचा? देऊन टाकू या."

"दे बाई. वरवंटा मात्र राहू दे हं. बारशाला बाळाच्या आधी त्यालाच पाळण्यात घालायचं असतं."

ते ऐकून वरवंटा घाबरला. "आई, मीपण येतो तुझ्याबरोबर!"

"वेडा कुठला! तुला टोपडं घालतील, बायका जोजवतील. माझे एवढे लाड कोण करणार?"

"पण तू कुठे असशील?"

"इथंच, खाली. हाक मार, मी ओ देईन."

दोन माणसांनी पाटा उचलला आणि टेम्पोत घालून नेला.

माळा लख्ख झाला. वरवंटा रोज हाक मारी, "आई!" रिकाम्या माळ्यातून आवाज घुमून परत येई. आईनं ओ दिली असं समजून तो निजून जाई.